सोळावा बर्थ

सकाळी साडेसहा

दुकान उघडायला अजून चार तास आहेत, पण न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजलेत आणि फोन तिथून आहे. नागपूरच्या महालातल्या एका घरची मुलगी, लग्नानंतर तिकडेच स्थायिक. पुढच्या जूनमध्ये आई-बाबांना बोलावून सगळ्यांनी मिळून सिएटलहून अलास्काची क्रूझ करायची आहे. "काकू, बुकिंग तुमच्याकडूनच करते. तुम्हालाही दोन पैसे मिळतील."

मी तिला सांगितलं, तिथूनच कर. दोन्ही केबिन एकाच माणसाच्या हाताने बुक झाल्या की शेजारीशेजारी मिळण्याची शक्यता वाढते, रात्रीच्या जेवणाचं टेबल एक राहतं आणि पैसे डॉलरच्या कार्डावरून डॉलरमध्येच जातात. शिवाय अमेरिकेत क्रूझ विकणारे एजंट इतके आहेत, की गिऱ्हाईक ओढायला ते स्वतःच्या कमिशनातून शंभर-दोनशे डॉलरचं ऑनबोर्ड क्रेडिट देतात, म्हणजे जहाजावर खर्च करायची रक्कम. ते तिने मागून घ्यावं, लाजू नये.

"मग तुम्ही काय करणार?"

मी विमानाचं तिकीट करणार, आणि आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा. ती गप्प झाली. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणजे झालं, असंच सगळ्यांना वाटतं. पण परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं उचलून परदेशी बंदराला न शिवता परत आणून सोडता येत नाही. तसा 1886 चा कायदा आहे आणि तो अजून लागू आहे. म्हणून सिएटलची बहुतेक जहाजं अलास्काहून येताना काही तास का होईना, कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवाल्याला त्या थांब्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. बुकिंगच्या स्क्रीनवर हे बारीक अक्षरात कुठेतरी असतं. या कामाची मी फी घेते, आणि ती आधीच सांगते.

साडेदहा

शहीद चौकापासून इतवारीतल्या ऑफिसपर्यंत यायला चालत पाच मिनिटं लागायला हवीत, लागतात पंधरा. हातगाड्या, पोती, मधेच उभी केलेली स्कूटर. ऑफिस पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. बॅगा घेऊन चढणारं गिऱ्हाईक आमच्याकडे येत नाही म्हणून बरं.

कुलूप काढेपर्यंत सराफ्यातले काकाजी जिन्यात उभे. हातात फोन. सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार रात्रींची क्रूझ, नवरा-बायको दोघं.

"ताई, माझ्या पोरानं सायटीवर पाह्यलं. तोच भाव तिथंही आहे. मंग मी तुमच्याकडे काहाले येऊ? आठ हजार कमी करा न."

प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्यायला मी कागद घेते, कारण इतवारीतल्या माणसाला कागदावरचा हिशोब तोंडच्या बोलण्यापेक्षा लवकर पटतो. समजा दोघांचं सगळं मिळून एक लाख. त्यात टिप, म्हणजे ग्रॅच्युइटी. ती मोठ्या अमेरिकन कंपन्यांकडे माणशी रोज साधारण 18 डॉलरच्या आसपास असते, म्हणून धरा तेरा हजार. पोर्ट चार्ज आणि कर बावीस हजार. उरलं भाडं पासष्ट हजार. कंपनी एजंटाला कमिशन देते ते या पासष्टावर, लाखावर नाही. भाड्यातलाही एक भाग काही कंपन्या कमिशनच्या बाहेर ठेवतात. दहा टक्के धरले तर साडेसहा हजार. आणि माझ्यासारखी लहान एजंट थेट कंपनीकडून घेत नाही, मुंबईच्या मोठ्या एजंटाच्या खात्यातून घेते, तो आपला वाटा ठेवतो. माझ्या हाती चार-साडेचार.

"म्हणजे आठ कमी केले तर तुम्हीच खिशातून घालसान," काकाजी हसले. त्यांना लगेच कळलं. त्यांच्या धंद्यातही सोन्याचा भाव गल्लीभर एकच असतो, घासाघीस होते ती घडणावळीवर.

जहाजाचा भाव एकच असतो याला कारण आहे. अनेक मोठ्या कंपन्या एजंटाला स्वतःपेक्षा कमी भाडं छापू देत नाहीत. त्यामुळे स्पर्धा भाड्यात होत नाही, भाड्याच्या आजूबाजूला होते. कोणी विमानतळावरून गाडी देतो, कोणी वायफाय, कोणी क्रेडिट. कंपनी स्वतःही सीझनप्रमाणे काही ना काही लावून देते आणि त्यातलं सर्वांत गाजणारं आमिष म्हणजे फुकट ड्रिंक पॅकेज.

काकाजी जैन आहेत. दोन माणसांचं फुकट दारूचं पॅकेज त्यांच्या काय कामाचं? पण त्या ऑफरचं भाडं बिनऑफरच्या भाड्यापेक्षा जास्त असतं. मी साधं भाडं काढलं आणि कंपनीकडून पन्नास डॉलरचं क्रेडिट मिळत होतं ते लावून घेतलं. त्यातून फुकेतची एक सहल अर्धी निघेल. क्रेडिट बहुतेक वेळा परत मिळत नाही, जहाजावरच संपवावं लागतं, हेही सांगितलं, नाहीतर शेवटच्या रात्री चॉकलेटं घेत बसायची वेळ येते. जैन जेवणाची नोंद बुकिंगच्या वेळीच केली. चढल्यावर सांगितलं तर तेही देतात, पण कांदा-लसूण नसलेली भाजी आयत्या वेळी काय मिळेल ते देवाला माहीत.

बारा

किराणा ओळीतला ग्रुप. आलेत तिघं, बोलतात सोळांच्या वतीने. आठ जोडपी, सगळे व्यापारी, बहुतेकांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली. आतापर्यंत कंपन्यांच्या डीलर मीटमध्ये फुकट फिरले, आता पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने जायचं आहे.

इथे माझ्याकडे द्यायला खरंच काही असतं. आठ केबिन एकत्र धरल्या की बऱ्याच कंपन्यांकडे तो ग्रुप मोजला जातो. भाडं त्या दिवशीच्या दराला बांधून मिळतं, नावं नंतर दिली तरी चालतात, सुरुवातीला अनामत थोडी लागते. आणि सोळा माणसांमागे एका माणसाचं भाडं माफ. प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा. केबिनमधला तिसरा-चौथा माणूस सहसा या मोजणीत धरत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवायचं. मुलांना घेऊन "आम्ही सोळा झालो" म्हणणारे इथे फसतात.

"सोळावर एक फुकट!" तिघांपैकी सर्वांत तरुण जो होता, त्याने टेबलावर हात मारला. पोत्यामागे वजन सोडण्याची सवय असलेली माणसं, त्यांना ही भाषा समजावून सांगावी लागत नाही.

फुकट म्हणजे भाडं फुकट. पोर्ट चार्ज, टिप भरावीच लागते. माणशी भाडं तीस हजार धरलं तर तीस हजाराला सोळाने भाग द्यायचा, प्रत्येकाला अठराशे पंचाहत्तर रुपये सुटतात. रक्कम ऐकून तिघांचा उत्साह थोडा उतरला. मग सगळ्यांत वडीलधारे, ज्यांनी ग्रुप जमवला, ते म्हणाले, "मोजून वाटाच, ताई. हिशोब साफ पाहिजे."

खरं सांगायचं तर हा सोळावा बर्थ अनेक एजंट बोलतच नाहीत. गिऱ्हाईक सोळा जणांचे पैसे भरतं, कंपनी पंधरांचं भाडं घेते, मधला एक कुठे गेला ते कोणी विचारत नाही. कायद्याने तो चोरीचा माल आहे असं मी म्हणणार नाही. पण गिऱ्हाईकाने "टूर कंडक्टर बर्थ मिळतो का?" एवढं विचारावं. विचारलं की चेहरा वाचता येतो.

दोन

डबा. त्यात फोन तीन.

तीन

गांधीबागेतलं जोडपं, दोन मुलं, मुंबई-गोवा. हे काम सोपं आणि कमाई किरकोळ. नागपूरकराला समुद्र तसा लांबचाच. पूर्वी क्रूझ म्हणजे सिंगापूरची सुपरस्टार व्हर्गो. मग 2018 मध्ये मुंबई-गोवा आंग्रिया आली, 2019 मध्ये जालेशची कर्णिका आली आणि पुढच्याच वर्षी कोरोनात ती कंपनी बंद पडली. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाची एम्प्रेस. हे जहाज 1990 मधलं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं. मी हे सांगते तेव्हा काही लोक नाक मुरडतात. मला त्यात काही वाटत नाही, लालपरीत वाढलेल्यांनी जहाजाचं वय काढू नये.

जाहिरातीत जो आकडा मोठा असतो तो केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो. पोर्ट चार्ज, टिप, जीएसटी खाली, लहान अक्षरात. चौघांच्या कुटुंबाने माणशी आकडा गुणिले चार करू नये, तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बऱ्याचदा कमी असतं. पण पोर्ट चार्ज लहान मुलालाही लागतो. आणि एकटा प्रवासी असेल तर त्याला जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं. मी त्यांना सांगितलं, कंपनीच्या साइटवर स्वतः केलंत तरी चालेल. रुपयातला व्यवहार, व्हिसा नाही, रात्री दुरांतो पकडा, सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटं. फक्त जहाज दुपारी सुटतं म्हणून त्याच सकाळच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, एक दिवस आधी पोचा. गाडी आठ तास लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही.

ते तरीही माझ्याकडूनच करून गेले. बाई म्हणाल्या, "काही झालं तर कोणाला फोन लावायचा, ते माहीत पाहिजे."

साडेचार

फेरतपासणी. पूर्ण पैसे भरायची तारीख कंपनीप्रमाणे साधारण अडीच-तीन महिने आधी असते. त्या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर बऱ्याचदा नवीन भाव लावून मागता येतो. आपोआप कोणी लावत नाही. आज एका मार्चच्या बुकिंगची बाल्कनी केबिन खाली आलेली दिसली. मुंबईला फोन, वीस मिनिटं संगीत ऐकलं, भाव बदलून मिळाला. माझं कमिशनही त्या प्रमाणात कमी झालं. हे काम करणारी एजंट आणि न करणारी यांच्यात गिऱ्हाईकाला फरक दिसत नाही, कारण न केल्याचा पत्ताच लागत नाही.

इथेच आमच्या धंद्याची दुसरी बाजूही सांगून टाकते. वर्षभरात एखाद्या कंपनीची विक्री ठरावीक आकड्याच्या वर गेली, तर मोठ्या एजंटाला वरचे टक्के मिळतात. मार्चच्या तोंडावर तो मला फोन करतो, "हीच जहाजं जास्त विका." त्यामुळे एजंटाने एकच नाव पुन्हापुन्हा घेतलं तर दुसऱ्याचा भाव विचारा. माझ्याकडेही विचारा.

सहा

एक तरुण मुलगा, हिवरीनगरचा. त्याने स्वतः परदेशी साइटवर हनिमूनची युरोपातली क्रूझ बुक केली, दोन लाखांची. भाव चांगला मिळाला. मग कार्डाचं स्टेटमेंट आलं. परकीय चलनाच्या खर्चावर बँकेने साडेतीन टक्के लावले आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून आठ हजार दोनशे साठ. वाचवले त्याहून थोडे जास्तच गेले.

पण तो त्यासाठी आला नव्हता. बायकोच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, सगळं नाव एकाच ओळीत, आणि साइटने आडनाव टाकल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही म्हणून त्याने आपलं आडनाव टाकलं. आता कागद जुळत नाहीत. मी कंपनीच्या लोकांशी बोलून पाहिलं. ते अदबीने म्हणाले, बुकिंग तुमचं नाही, आम्ही फक्त प्रवाशाशी बोलू. थेट केलेलं बुकिंग एजंटाकडे वळवता येतं, पण ठरावीक मुदतीत, आणि पूर्ण पैसे भरले की सहसा नाही. त्याची मुदत गेली होती. कोणाला कोणत्या शब्दांत मेल पाठवायची ते लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते, असं मला जिना उतरणाऱ्या त्याच्या महागड्या बुटांकडे पाहून वाटलं.

साडेसात

खालच्या मजल्यावरचे सीए आले, चहा इथेच घेतात. आज विषय टीसीएस. 2020 च्या 1 ऑक्टोबरपासून परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याने गिऱ्हाईकाकडून पाच टक्के कर आधीच गोळा करायचा, असं ठरलं. 2023 च्या ऑक्टोबरपासून सात लाखांच्या वर वीस टक्के झाले, 2025 च्या एप्रिलपासून ती मर्यादा दहा लाख झाली. दर बदलत राहतो, म्हणून कोटेशनच्या दिवशीचा दर बघायचा. गिऱ्हाईक म्हणतं, एजंटाकडे गेलो की कर, साइटवर गेलो की नाही, म्हणजे एजंट महाग. पण हा खर्च नव्हे. पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वजा होतो किंवा परत येतो. तोपर्यंत पैसा अडकतो, हे मात्र खरं, आणि व्यापाऱ्याला अडकलेला पैसा खर्चाइतकाच टोचतो. सीएंचं म्हणणं, गृहिणीच्या नावाने बिल फाडलं तर तिला फक्त परताव्यासाठी रिटर्न भरावं लागेल, म्हणून ज्याचा कर तसाही निघतो त्याच्याच नावाने घ्या. हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

नऊ

घरी पोळ्या लाटताना फोन. किराणा ओळीतले तेच वडीलधारे, आवाज हळू.

"ताई, तो सोळावा… तो माझ्या नावावर करता येईन का? बाकीच्यांले काही सांगू नका. चार महिन्यांपासून मीच सगळ्यांच्या मागं फिरून राहिलो. एकाचा पासपोर्ट संपलाय, एकाच्या सुनेची परीक्षा, कोणाले बाल्कनीच पाहिजे. अठराशे रुपयांत कोणाचं काय होते?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. हा बर्थ मुळात ग्रुप घेऊन जाणाऱ्यासाठीच असतो, नावच तसं आहे. मी म्हटलं, घ्या की, पण सांगून घ्या. प्रत्येक केबिनचं कन्फर्मेशन वेगळं निघतं, तुमच्या कागदावर एका माणसाचं भाडं शून्य दिसेल, आणि पहिल्या रात्री जेवायला बसल्यावर सोळा जण एकमेकांचे कागद बघणारच. इतवारीची माणसं आहेत.

"हो न," ते म्हणाले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. "बायकोले विचारतो."

ब्लॉक शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंतच धरलेला आहे, त्यानंतर केबिन सुटतील आणि भाव नव्याने लागेल, एवढं मी त्यांना परत एकदा सांगितलं.