भाकरी तीच, वेळ वेगळी

एक साधा हिशोब करू. पोलीस भरतीच्या ग्राउंडवर मुलांना 1600 मीटर धावायचं असतं. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलात, तर 20 पैकी 20 मार्क. एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. मग 60 किलोच्या मुलाला अख्ख्या शर्यतीला किती लागल्या? जेमतेम शंभर! ज्वारीच्या अर्ध्या भाकरीत त्या निघतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत मारली. ढोबळमानानं तो खर्चही एका भाकरीच्या आतबाहेरच.

मग येरमाळ्याच्या बाजूला, बालाघाटाच्या चढउतारांवर पहाटे रनिंग करणारा पोरगा चौथ्या दिवशी “पाय उचलत नाहीत” असं का म्हणतो? घरी तर तो तीन-तीन भाकरी खातो!

कारण शर्यत छोटी असते, सराव मोठा. पहाटे आठ-दहा किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. हा खर्च मुख्यतः ज्या साठ्यातून भागतो त्याचं नाव ग्लायकोजेन. भाकरी, भात, गूळ यांतली साखर शरीर या रूपात साठवून ठेवतं: स्नायूंत साधारण 400 ग्रॅम, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. आता यातली गंमत बघा. स्नायूतलं ग्लायकोजेन म्हणजे घरातली कणगी. त्यातलं धान्य घरच्यांनीच खायचं, शेजारी उपाशी असला तरी बाहेर द्यायचं नाही. स्नायूकडे ती साखर रक्तात सोडायची सोयच नसते. त्यामुळे मांडी रिकामी झाली, तर भरलेला दंड तिला काडीची मदत करू शकत नाही.

आपली साठवण रक्तात सोडून सगळ्या शरीराला पुरवतं ते यकृत. पण त्याच्यावर रात्रभर कोण डल्ला मारतं? मेंदू! तुम्ही गाढ झोपेत असता, तरी त्याला दर तासाला काही ग्रॅम साखर हवीच असते. रात्री आठला जेवून पहाटे पाचला उठलेल्या पोराचं यकृत बरंचसं रिकामं झालेलं असतं. निघण्यापूर्वी एखादं केळ किंवा गुळाचा खडा तोंडात टाकायचा तो एवढ्यासाठी.

रिकामी झालेली कणगी भरते कशी? हे शोधताना 1966 मध्ये स्वीडनमधल्या दोन डॉक्टरांनी जे केलं, ते वाचून हसूही येतं आणि थक्कही व्हायला होतं. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकानं एकाच पायानं पॅडल मारलं. दमून तो पाय रिकामा होईपर्यंत! दुसरा पाय आरामात. पुढचे तीन दिवस दोघांनी पिठूळ, गोड पदार्थांवर ताव मारला आणि सुईनं दोन्ही मांड्यांतला स्नायूचा कण काढून तपासला. माणूस एक, रक्त एक, जेवण एक. पण राबलेल्या पायात ग्लायकोजेन बसलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट! रिकामा झालेला स्नायू साखर अक्षरशः ओढून घेतो.

ही ओढ सर्वांत जोरात असते ती धावणं थांबल्यावरच्या पहिल्या एक-दोन तासांत. दोन तास उशीर केला, तर भरण्याचा वेग निम्म्यावर येऊ शकतो. दिवसातून एकदाच धावणाऱ्याला हा उशीर परवडतो, चोवीस तासांत भर निघते. संध्याकाळी पुन्हा पळायचं असेल तर?

आता दुसरं आश्चर्य, लोहाचं. रक्तात प्राणवायू वाहायला लोह लागतं. मुलींचं लोह पाळीत जातं. त्यात धावताना तळपाय जमिनीवर आपटून थोड्या तांबड्या पेशी फुटतात, घामातूनही किंचित लोह निसटतं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. तेव्हा भरतीच्या 800 मीटरची तयारी करणाऱ्या मुलीला दम लागला, की दरवेळी सराव कमी पडला असं समजू नये. एकदा हिमोग्लोबिन तपासावं.

पण ताटात लोह असलं म्हणजे ते रक्तात पोचलंच, असं नाही. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक बनवतं. ते वाढलं की आतड्यातून लोह आत घेणं मंदावतं. आणि ते वाढतं कधी? जोरदार धावल्यानंतर साधारण तीन ते सहा तासांत! म्हणजे साडेसहाला रनिंग संपवणाऱ्याचं अकराचं पहिलं जेवण नेमकं या अडचणीच्या तासांत येतं. त्यात ग्राउंडवरून थेट टपरीवर जायची सवय. चहातले टॅनिन जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात, म्हणून जेवणाला लागून चहा नको. उलट लिंबू मदतीला धावतं. मोड आलेल्या मटकीवर पिळलं, की त्यातलं लोह कितीतरी जास्त शोषलं जातं.

आणि कच्ची अंडी? ग्लासात फोडून गटागट पिणारे पैलवान सगळ्यांनीच बघितलेत. बेल्जियमच्या संशोधकांनी 1998 मध्ये मोजलं: शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे 90 टक्के प्रोटीन पचतं, कच्च्यातलं जवळपास 50 टक्केच. चुलीवर दहा मिनिटं ठेवलेलं तेच अंडं जवळजवळ दुप्पट कामाचं!

भरतीच्या पोरांना विचारा, काय खावं? अंडी, केळी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ... धडाधडा यादी येईल आणि ती बरोबरच असेल. तरी खेळाडूंवरच्या अभ्यासांत दिसतं की आहाराची माहिती आणि ताट यांचं नातं कच्चंच असतं. ताट एकट्या खेळाडूच्या हातात नसतं ना! स्वयंपाक घरच्या वेळेनं होतो, आई रानात जायच्या घाईत असते, मेसचा डबा दुपारी येतो.

म्हणून यादीत “काय” पुढे “कधी” लिहायचं. रात्रीच एक भाकर राखून ठेवायची, मटकी आदल्या दिवशीच भिजवून मोड आणायचे. रनिंग झालं की अर्ध्या तासात गुळाचा खडा, ती भाकर, लिंबू पिळलेली मटकी आणि पाणी. चहा त्यानंतर तासाभरानं. खर्च एक पैशानंही वाढत नाही. धावून आलेल्या पायांच्या लेखी सातची शिळी भाकर अकराच्या ताज्या भाकरीपेक्षा मोलाची आहे.