ओटोच्या पोटापाण्याचं काय?

हॉलच्या कोपऱ्यात झक्कास प्लांटेड टँक, त्यात हिरवीगार रोपं, वर एलईडीचा लखलखाट. पाहुणे आले की पहिली नजर तिकडेच! पण काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर चढायला लागतो. मग दुकानदाराचा ठरलेला सल्ला येतो, ‘एक सकर टाका, सगळं साफ करून टाकेल.’ आपणही खूश. ना पगार, ना सुट्टी, ना जेवणाची कटकट, असा कामगार कुणाला नकोय?

जरा थांबा! दुकानात बोटाएवढा दिसणारा साधा सकर म्हणजे प्लेको. तो वाढून फूटभराच्या वर जातो, रोपं उपटतो आणि भरपूर घाण करतो. मग वैतागून त्याला तलावात सोडलं जातं. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून केरळपर्यंत पसरलाय. तिथे तो काठाच्या मातीत बिळं करतो आणि स्थानिक माशांच्या वाटणीचं खातो. त्यामुळे नकोसा झालेला सकर दुकानात परत द्या, तलावात मात्र कधीच सोडू नका.

प्लांटेड टँकसाठी खरा पाहुणा म्हणजे ओटोसिन्क्लस, लाडाने ‘ओटो’. हाही दक्षिण अमेरिकेचाच, पण जेमतेम 4 ते 5 सेंटिमीटरचा. पानांना धक्का न लावता शेवाळ खरवडणारा, एकदम शांत स्वभावाचा. एकटा मात्र बावरतो, निदान 5-6 जणांची गँग हवी.

आधी पोट

बाजारातले बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. प्रवासात त्यांची उपासमार होते आणि घरी येतात तेव्हा ते आधीच खंगलेले असतात. त्यात आपला टँक नवाकोरा, चकाचक! म्हणजे पाहुण्यासाठी ताट रिकामंच. कित्येक ओटो पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात, ते असे.

म्हणून विकत घेतानाच पोट बघा. काचेला चिकटलेल्या ओटोचं पोट खालून स्पष्ट दिसतं. गोल असेल तर घ्या, खपाटीला गेलेलं असेल तर नको. घरी आणल्यावर मागच्या काचेवरचं शेवाळ पुसू नका, ते त्याच्यासाठी राहू द्या. काचेवरचं संपलं, की काकडीची किंवा झुकिनीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून गार करा आणि रात्री टँकमध्ये बुडवा. सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी उरलेली काढून टाका, नाहीतर पाणी नासेल. सुरुवातीला त्यांनी तोंड लावलं नाही तरी चिकाटी सोडू नका. आणि हो, केसांसारखं लांब किंवा काळं झुपकेदार शेवाळ ओटो सहसा खात नाही. ते हातानेच काढायचं!

मग पाणी

नव्या टँकमध्ये माशांच्या विष्ठेतून अमोनिया साचतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. ओटोला हा काळ सोसत नाही. टँक दोन-तीन महिने मुरला की मगच त्याला आणा. तापमान 22 ते 26 अंश बरं. मे महिन्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, तेव्हा पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. रोपांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर हात आखडता ठेवा. ओटो एखाद्या वेळी वर येऊन हवेचा घोट घेतो, ते ठीक. सगळेच मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर गॅस लगेच बंद करा.

काच चमकवायची असेल तर स्पंज स्वस्तात मिळतो. ओटो आणलात, तर दर रविवारी पाच मिनिटं काढून एकेकाचं पोट बघा. गोल दिसलं, की समजा तब्येत ठणठणीत आहे!