नाडी, श्वास आणि डॉक्टरांचा शब्द
(व्याख्यानाचे शब्दांकन)

आमच्या नावापुढे 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातलं. तेव्हा आज आम्ही कोणाला गोळी सांगणार नाही आणि कोणाची चालू गोळी बंदही करणार नाही. आम्ही फक्त एका प्रश्नाची उकल करणार आहोत.

प्रश्न असा. अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून माणूस नांदेडहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून पेडगावला घरी येतो. पिशवीत गोळ्या, हातात डिस्चार्ज कार्ड. कार्डावर लिहिलेलं असतं, 'हलका व्यायाम करावा, जड काम टाळावे.' आता हलकं म्हणजे किती? आणि जड कुठून सुरू होतं? मोठ्या शहरांत काही रुग्णालयांतून हृदयरोग्यांना यंत्रावर चालवतात, छातीला ईसीजीच्या तारा लावतात आणि मर्यादा ठरवून देतात. आपल्याकडे मात्र आपण, आपली चप्पल आणि समोरचा रस्ता. मग आपल्या हृदयाला किती झेपतंय हे आपल्याला कळणार कसं? 'कळणार कसं' हा आमच्या शास्त्राचा सगळ्यात जुना प्रश्न आहे, म्हणून आम्ही या विषयात पडलो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. न हालणं हा सुरक्षित मार्ग नाही. एके काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे खाटेवर पडून ठेवत. 1952 साली बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवलं, आणि त्यातून पुढे विचार बदलत गेला. त्याच्याही खूप आधी, अठराव्या शतकात, विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने छातीत कळ येणाऱ्या एका माणसाची नोंद केली आहे. तो रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. आपल्या देशातही 24 रुग्णालयांत 3,959 रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा मोठा अभ्यास झाला. तो 2020 साली प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांचं जगणं अधिक बरं झालं, ते नेहमीच्या कामाला अधिक चांगले लागले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणं यांत मात्र ठाम फरक सिद्ध झाला नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी गोळ्या सोडून नुसती आसनं करत बसेल.

तर हालायचं आहे. किती, एवढाच प्रश्न.

सांख्यांनी ज्ञानाची तीन साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द, म्हणजे आप्तवचन. आपल्या कामाला तिन्ही लागतात. आणि तिन्ही कुठे ना कुठे फसतात, हे त्याहून महत्त्वाचं.

शब्दापासून सुरू करू. इथे आप्त म्हणजे सोयरा नव्हे. ज्याला विषय माहीत आहे आणि जो खरं सांगतो, तो आप्त. पारावर बसलेला माणूस म्हणतो, "माझ्या साडूचीबी अँजिओप्लास्टी झाली, तो महिन्यात पाच किलोमीटर चालायला लागला." साडू खरा असेल, पण त्याचं हृदय वेगळं. ॲरिस्टॉटलने मिलो नावाच्या पहिलवानाचं उदाहरण दिलंय. जो खुराक मिलोला कमी पडेल, तोच नवशिक्याला जास्त होईल. योग्य माप हे ज्याच्या त्याच्यापुरतं असतं.

म्हणून घरी येण्याआधी, किंवा पहिल्या तपासणीला, डॉक्टरांना पाच गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. हृदयाची पंप करण्याची ताकद किती आहे? एखादी नस अजून अडलेली आहे का? टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करायची तपासणी, कधी करायची? नाडी कितीच्या पुढे जाऊ द्यायची नाही? आणि वजन कधीपासून उचलायचं? बायपासमध्ये छातीचं हाड कापून तारेने बांधलेलं असतं. ते जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, आणि तोवर चार-पाच किलोच्या वर उचलू नका असं सहसा सांगतात. पाण्याने भरलेली पंधरा लिटरची बादली पंधरा किलोची होते. घरगुती गॅसच्या टाकीत नुसता गॅसच 14.2 किलो असतो, टाकीचं लोखंड वेगळं. हातपंप मारणं, मोटारसायकलला किक मारताना हँडलवर जोर देणं, हेही त्यातच आलं. अँजिओप्लास्टी मनगटातून झाली असेल तर त्या हाताला आणि जांघेतून झाली असेल तर त्या पायाला सुरुवातीचे काही दिवस जपायचं.

दुसरं साधन अनुमान. आपल्याकडे ते नाडीवरून करतात. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण ओळखतो. तशी नाडी वाढली की हृदयावर ताण आहे असं ओळखायचं. बसलेले असताना, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. ठोके अनियमित लागत असतील तर पूर्ण मिनिट मोजा. ही झाली बसली नाडी. टीएमटी झालेली नसेल तर सुरुवातीच्या दिवसांत बसल्या नाडीच्या वर वीस, फार तर तीस ठोके, एवढ्यावर थांबायचा प्रघात आहे. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

आता यातली फसगत बघा. मोबाइलवर एक सूत्र फिरत असतं: 220 मधून वय वजा करा आणि त्याच्या सत्तर टक्के नाडी न्या. बासष्ट वर्षांच्या माणसाचे होतात 158, त्याचे सत्तर टक्के साधारण 111. पण हृदयाच्या बहुतेक रुग्णांना मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असते. ती गोळी नाडीला वाढूच देत नाही. असा माणूस दमून घामाघूम झाला तरी त्याची नाडी नव्वदच्या आसपासच असू शकते. तो म्हणणार, "अजून 111 कुठे झाले?" आणि आणखी जोरात चालणार. न्यायशास्त्रात यासाठी फार सुंदर दृष्टांत आहे. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर दिसला तर अग्नी आहे हे खरं, पण धूर नाही म्हणून अग्नी नाही असं म्हणता येत नाही. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचं हृदय म्हणजे तो लोखंडी गोळा समजा. त्याने नाडीचा उपयोग थांबण्यासाठी करावा; आकडा गाठण्यासाठी करू नये.

मग उरतं प्रत्यक्ष, आपल्याला स्वतःला काय जाणवतं ते. यावर कोणी म्हणेल, जाणिवेचा काय भरवसा? पण गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने याच जाणिवेची मोजपट्टी केली आणि ती आज जगभर वापरतात. ती 6 पासून 20 पर्यंत जाते. 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 11 म्हणजे हलकं, 13 म्हणजे जरा जड, 17 म्हणजे फार जड. सुरुवातीच्या काळात बहुतेकांना 11 ते 13 मध्ये राहायला सांगतात.

आकडे नको असतील तर बोलून बघा. चालता चालता एक पूर्ण वाक्य एका दमात म्हणता आलं तर ठीक. दोन-तीन शब्दांवर वाक्य तुटायला लागलं की जास्त झालं. शेगावची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. तिच्या चालीकडे कधी नीट बघा. वारकरी गात गात चालतात, म्हणून त्यांची चाल गाण्याला परवडेल अशीच राहते. पहिल्या दिवसांत आपली चाल तेवढीच असावी. सुश्रुतसंहितेत व्यायाम अर्ध्या बळाने करायला सांगून त्याची खूणही दिली आहे: हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला की अर्धं बळ खर्च झालं. म्हणजे हेही श्वासाचंच माप आहे.

प्रत्यक्षही फसतं बरं का. ज्यांना जुना मधुमेह आहे, त्यांच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. छातीत कळ न येताही हृदयाला रक्त कमी पडू शकतं. अशांनी नुसत्या जाणिवेवर विसंबू नये, टीएमटी लांबवू नये. इन्सुलिन घेत असाल तर चालताना खिशात साखर ठेवा.

तिघांचं एकमत झालं नाही तर काय? आमचा नियम सोपा आहे: जो 'थांब' म्हणतो त्याचं ऐकायचं. नाडी ठीक, पण वाक्य तुटतंय, थांबा. बोलता येतंय, पण नाडी मर्यादेच्या वर गेली, थांबा.

आता रोजचा क्रम. सपाट रस्त्यावर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. जमत असेल तर एक-दोन मिनिटं वाढवत काही आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत. पहिली पाच मिनिटं सावकाश, शेवटची पाचही सावकाश. एकदम थांबू नये. जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्या. दहा मिनिटं विसावल्यावर नाडी पहिल्याजवळ यायला हवी. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं असेल तर काल जास्त झालं होतं असं समजा. वेग आणि अंतर यांच्यावर जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये आपल्या परभणीकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा तीच चाल हृदयाला महाग पडते. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल पायाला धरतो, तेव्हाही तसंच. श्वास रोखून करायचे प्रकार, म्हणजे दंड, जोराचं कपालभाती, कुंभक, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बाया-माणसांनी एक लक्षात घ्यावं. "मी कुठं व्यायाम करते, घरचंच तर काम" असं म्हणतात. पण तेवढ्याच कामाला पायांपेक्षा हातांनी केलं तर हृदयावर जास्त भार येतो. ओलं चादरीचं धुणं पिळणं, पाणी शेंदणं हा व्यायामच आहे आणि तो जड आहे. आणि घरच्यांनी हे काम काही आठवडे वाटून घेतलं नाही, तर कार्डावरच्या ओळीला अर्थ उरत नाही.

शेवटी आपल्या गावाच्या नावाची म्हण: वेड पांघरून पेडगावला जाणे. म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमेकाठचं मानतात. पण छातीच्या बाबतीत वेड पांघरणारे आपल्याकडेही आहेत. 'गॅस झाला असेल', 'झोप झाली नसेल'. छातीत दाब, आवळल्यासारखं वाटणं, कळ हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणं, थंड घाम, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, छातीत धडधड: यांतलं काहीही झालं की चालणं तिथेच थांबवून बसा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर बसूनच घ्या. पाच मिनिटांत पूर्ण उतरलं नाही तर 108 ला फोन करा; स्वतः गाडी चालवत निघू नका. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, पाय सुजले, तरीही डॉक्टरांना कळवा.

"मग शेतात कधी जायचं?" हा प्रश्न ठरलेलाच असतो. बघायला लवकर जाता येईल, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला मात्र डॉक्टरांचा होकार लागेल. तोवर एक वही करा. तारीख, किती मिनिटं चाललो, आधीची आणि नंतरची नाडी, आणि वाक्य पूर्ण बोलता आलं का. पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. 'बरं वाटतंय' एवढं सांगण्यापेक्षा त्या वहीतून त्यांना पुष्कळ जास्त कळेल, आणि मग शेताची तारीखही ते नेमकी सांगू शकतील.