घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला घेतलंत आणि स्क्रीन काळाठिक्कर? टेन्शन नॉट! लॅपटॉप भंगारात काढण्याआधी एवढं वाचाच.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ला टाटा-बाय बाय केलं. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट्सना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, पण ती मुदतवाढच! बरं, विंडोज ११ टाकावं तर त्याचे नखरे भारी. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा हवी, प्रोसेसरही साधारण २०१७नंतरचा हवा. म्हणजे पहिल्या नोकरीत ईएमआय भरून घेतलेला तुमचा लाडका लॅपटॉप ठणठणीत आहे, पण पार्टीत त्याला एन्ट्री नाही!

मग ऑफिसातला कुणीतरी हुशार मित्र सल्ला देतो, ‘लिनक्स टाक ना!’ सल्ला चांगलाच आहे. २००४पासूनचं उबुंटू किंवा २००६पासूनचं लिनक्स मिंट, दोन्ही फुकट आणि कायदेशीर. पेन ड्राइव्ह तयार होतो, लॅपटॉप सुरू होतो, लोगो येतो... आणि बस्स! दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पंखा घरघरतोय, स्क्रीन ढिम्म. तोच मित्र मान हलवत म्हणतो, ‘मदरबोर्ड गेला बहुतेक.’

थांबा. बहुतेक वेळा काहीही ‘गेलेलं’ नसतं.

हँग म्हणजे काय रे भाऊ?

ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना तिचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक भागाची हजेरी घेतो. प्रोसेसर? हजर. डिस्क? हजर. ग्राफिक्स कार्ड? ...उत्तरच नाही! किंवा उत्तर येतं, पण कर्नलला न कळणाऱ्या भाषेत. मग कर्नल आपला वाट बघत बसतो, कस्टमर केअरवर होल्डवर ठेवलेल्या गिऱ्हाइकासारखा. म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडलं?’ हा नाही, ‘हजेरी कोणापाशी थांबली?’ हा आहे.

हे कळायला सोपी युक्ती आहे. पेन ड्राइव्हवरून सुरू करताना जो पहिला मेनू येतो, तिथे ‘ई’ हे बटण दाबा. ‘लिनक्स’ या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द दिसतील. ‘गप्प बस आणि लोगो दाखव’ असा त्यांचा अर्थ! ते खोडा आणि एफ१० दाबा. आता लोगोऐवजी अक्षरांच्या ओळी धावतील. जिथे थांबतील तिथला मोबाइलवर फोटो काढा. शेवटची ओळ म्हणजेच गुन्हेगार असं दरवेळी नसतं, पण गल्ली कुठली ते नक्की कळतं.

संशयित नंबर एक : ग्राफिक्स

एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर पहिला संशय तिथेच घ्यायचा. या कंपनीनं आपल्या कार्डांची माहिती वर्षानुवर्षं हातचं राखूनच दिली. त्यामुळे स्वयंसेवकांनी कार्ड कसं वागतं हे बघून, उलट्या बाजूनं तर्क लावत ‘नूवो’ नावाचा ड्रायव्हर लिहिला. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स तर २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात इतका भडकला, की कॅमेऱ्याकडे बघून त्यानं कंपनीला चक्क मधलं बोट दाखवलं! मे २०२२मध्ये एनव्हिडियानं ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण २०१८पासूनच्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांपुरताच. म्हणजे विंडोज ११नं ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यातले बरेच लॅपटॉप इथेही बाहेरच!

उपाय? उबुंटूच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा मिंटमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. तेवढ्यानं भागलं नाही, तर मघाच्याच ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या जागी एक शब्द टाइप करा : नोमोडसेट. इंग्रजीत एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, छोट्या लिपीत, सलग. ‘ग्राफिक्स कार्डाच्या वाटेला सध्या जाऊ नकोस’ असा कर्नलला दिलेला हा दम. चित्र जरा भरड दिसेल, पण इन्स्टॉलेशन पुढे सरकेल. नंतर उबुंटूच्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून कार्डाचा योग्य ड्रायव्हर घ्यायचा. त्याआधीच पहिल्या सुरुवातीला स्क्रीन पुन्हा काळा पडला, तर घाबरू नका. पुन्हा एकदा तोच शब्द!

बाकीची मंडळी

पेन ड्राइव्ह : डाउनलोड अर्धवट झाला असेल तर बिचारा लॅपटॉप काय करणार? फाइलसोबत दिलेला एसएचए-२५६चा आकडा आपल्या फाइलशी जुळतोय का, ते आधी बघा. चोर सोडून संन्याशाला सुळी नको!

स्वस्तातले छोटे लॅपटॉप : इंटेलच्या बे ट्रेल पिढीतले ॲटम किंवा सेलेरॉन प्रोसेसर वीज वाचवायला गाढ झोपतात आणि लिनक्सवर कधीकधी जागेच होत नाहीत. त्यांना ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ ही सूचना इंग्रजीत द्यायची. बॅटरी थोडी जास्त खातील, पण जागे राहतील.

डिस्क दिसतच नाही : बायोसमध्ये ‘आरएसटी’ऐवजी ‘एएचसीआय’ निवडावं लागतं. मात्र विंडोजही ठेवायचं असेल, तर हा बदल तडकाफडकी करू नका, विंडोज सुरूच होणार नाही. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. नाहीतर आगीतून फुफाट्यात!

कधीकधी दोष ना तुमचा, ना लॅपटॉपचा. डिसेंबर २०१७मध्ये उबुंटू १७.१०चं डाउनलोडच मागे घ्यावं लागलं होतं. कारण लेनोव्हो आणि इतर काही कंपन्यांच्या ठरावीक मॉडेल्सवर त्यानंतर बायोसमधले बदल सेव्हच होईनात. दुरुस्त आवृत्ती जानेवारी २०१८मध्ये आली. म्हणून आपल्या लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून आधीच शोध घेतलेला बरा. तुमच्याआधी कुणीतरी तिथे ठेचकाळलेलं असतंच!

हे दोन नियम पाळाच

पहिला : फोटो, पगाराच्या स्लिप्स, टॅक्सची कागदपत्रं... सगळ्याचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, आणि तो उघडतोय ना हे तपासूनच पुढे. हँग झालेलं इन्स्टॉलेशन पुन्हा करता येतं, पुसला गेलेला आजीचा फोटो परत येत नाही.

दुसरा : एका वेळी एकच बदल. सगळी बटणं एकदम फिरवली, तर चालू झालं तरी कशानं झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

एवढं करूनही अडलं, तर रॅमची तपासणी करणारा ‘मेमटेस्ट’ रात्रभर चालवून बघा. त्यात लाल ओळी आल्या, तर खराबी खरंच हार्डवेअरची आहे. मग खुशाल लॅमिंग्टन रोड गाठा. पण जाताना तो मोबाइलवरचा फोटो आणि काय काय करून पाहिलं त्याची यादी सोबत न्या. ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य तिथे ऐकवलं गेलंच, तर ‘कशावरून?’ असं विचारायला तुमच्या हातात काहीतरी असेल!