मुन्शी, मजूर आणि बिगारी

काशीला दशाश्वमेधाहून दक्षिणेकडे चालू लागले, की अहिल्याबाईंचा घाट ओलांडताच मुन्शी घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधविला. ‘बांधविला’ हे क्रियापद पाहा. त्यातल्या एका ‘वि’मध्ये पाथरवट, गवंडी, हमाल, मजूर, बिगारी हे सारे येऊन जातात, घाटाला नाव मात्र मुन्शींचे राहते. श्रोतेहो, आज या कष्टकऱ्यांना आपण ज्या नावांनी हाक मारतो, त्या नावांकडेच थोडे पाहू.

मुन्शी हा मूळचा अरबी शब्द. मजकूर रचणारा तो मुन्शी. त्याच्या शेजारी बसणाऱ्या कारकुनाचे फारसी नाव फोडून पाहिले, तर ‘काम करणारा’ एवढाच अर्थ हाती येतो. कामगार या शब्दाचा अर्थही तोच. परंतु कारकून दप्तराशी राहिला आणि कामगार यंत्राशी गेला. तोही आरंभापासून यंत्राशी नव्हता बरे का! ‘गावकामगार पाटील’, ‘गावकामगार तलाठी’ ही पदनामे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना ठाऊक असेल की कामगार म्हणजे सरकारकामाचा अधिकारी. पुढे मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या, 1909 साली कामगार हितवर्धक सभा आणि 1928 साली गिरणी कामगार युनियन स्थापन झाली, आणि हा शब्द चावडीवरून उठून साच्यापाशी जाऊन उभा राहिला. मजूर शब्दही तेव्हा मागे पडलेला नव्हता, डॉ. आंबेडकरांनी 1936 साली काढलेल्या पक्षाचे नाव ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ असेच होते.

मजूर आणि बिगारी यांची जोडी मला सर्वांत विलक्षण वाटते. मजूर हा फारसी ‘मझदूर’. त्यातील ‘मुझ्द’ म्हणजे मोबदला. ज्याला कामाचा मोबदला मिळतो तो मजूर. उलट ‘बेगार’ म्हणजे मोबदल्यावाचून करून घेतलेले काम, आपली वेठ. आपल्या राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने तिला बंदी केली आहे. तरीही इमारतीच्या कामावर घमेली उचलणारा, संध्याकाळी रोज घेऊन घरी जाणारा माणूस आजही बिगारीच म्हणविला जातो. वेठ गेली, पण तिचे नाव त्याच्या डोक्यावरून उतरले नाही.

हा गुंता आपल्याच भाषेत आहे असे नव्हे. स्पॅनिशमध्ये ‘ओब्रेरो’ आणि ‘ओपेरारियो’ हे एकाच लॅटिन शब्दाचे दोन वंशज. पहिला हाताने राबणाऱ्याचा आणि कामगार चळवळीचा, दुसरा यंत्र किंवा विशिष्ट काम सांभाळणाऱ्याचा. ‘त्राबाखादोर’मध्ये कचेरीतला माणूसही येतो, गंमत अशी, की त्याचे मूळ छळ करण्याच्या तीन खांबांच्या यंत्राकडे नेतात. ‘खोर्नालेरो’ तर आपला रोजंदारच. दोन्ही नावांत दिवस आहे. आणि ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. हाच शब्द पोर्तुगिजांच्या बोटीतून आपल्याकडे आला आणि पगार झाला.

मात्र पगार, वेतन, मजुरी यांखेरीज मराठीने आणखी एक शब्द वापरात आणला आहे, मानधन. 1975 साली एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या अंगणवाडीत दिवसामागून दिवस मुले सांभाळणारी, त्यांची वजने घेणारी, नोंदवह्या भरणारी बाई कामगार नव्हे, कारकूनही नव्हे. ती ‘सेविका’ ठरली. सेवा म्हटली की वेतन कसे मागावे? म्हणून तिला मानधन. मान किती आणि धन किती, हे तिलाच विचारावे. निवृत्तीनंतरच्या उपदानाचा प्रश्न निघाला, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उपदानाच्या कायद्यापुरते हे मानधन वेतनातच मोडते, असा निर्णय न्यायालयाने दिला, तो 2022 साली. योजनेला तेव्हा 47 वे वर्ष चालू होते.