चाक बदलणारे हात

डोंगरातली सायकलशर्यत म्हणजे एकट्याचा पराक्रम, असे आपण समजतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एलांकूरच्या टेकडीवर ब्रिटनचा टॉम पिडकॉक आघाडीच्या झुंजीत असताना त्याचे चाक पंक्चर झाले. नियम असा की, मदतनिसांची मदत घ्यावयाची ती नेमून दिलेल्या जागीच. इतरत्र दुरुस्ती स्पर्धकांनीच करावी. तो तसाच तिथवर गेला. मदतनिसांनी चाक बदलले. तोवर तो नवव्या क्रमांकावर घसरला होता. मग एकेकाला गाठीत शेवटच्या फेरीत त्याने फ्रान्सच्या कोरेत्स्कीलाही मागे टाकले. पदक एकाच गळ्यात पडते. कारखान्यातल्या मालावरही नाव एकाचेच असते. टाळ्या वाजविताना त्या हातांचीही आठवण ठेवावी, इतकेच मागणे.