धातूच्या पोटातला हायड्रोजन

लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख थॉमस ग्रॅहम यांनी १८६९ मध्ये काही छोटी पदकं पाडून घेतली. पॅलेडियमची, पण हायड्रोजन मुरलेल्या पॅलेडियमची. हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो, हे ग्रॅहम यांनी १८६६ मध्येच दाखवलं होतं. आत शिरलेला वायू त्यांना धातूसारखाच वाटे. त्याला त्यांनी नावही दिलं, 'हायड्रोजेनियम'. १८६९ मध्येच ते वारले. त्यांनी उघडलेलं दार पुढे फार काळ किलकिलंच राहिलं, याची मला हळहळ वाटते.

रासायनिक अभिक्रियांना वेग देणाऱ्या उत्प्रेरकांचा इतिहास दुसऱ्याच वाटेनं गेला. फ्रान्समध्ये पॉल साबातिए यांनी १८९७ मध्ये निकेलच्या बारीक भुकटीवर एथिलीनला हायड्रोजन जोडला. वनस्पती तुपाचा धंदा याच रसायनावर उभा राहिला. मुंबईत शिवडीला १९३०च्या दशकात तो सुरू झाला. निकेल आणि हायड्रोजनचं एखादं क्षणजीवी संयुग मध्ये बनत असावं, असं साबातिए यांना वाटे. पुढे रसायनज्ञ लँगम्युर यांच्या अभ्यासानं सगळ्यांची नजर पृष्ठभागावर खिळवली. ते बरोबरही होतं, पण त्यात धातूचं पोट विस्मरणात गेलं. आतल्या हायड्रोजनची दखल घेतली गेली तीही तक्रारीच्या सुरात: १९५० मध्ये कूपर आणि एली यांना दिसलं की हायड्रोजन मुरलेलं पॅलेडियम एका विशिष्ट अभिक्रियेत मंदावतं.

उत्प्रेरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या धातूच्या कणाच्या आकाराचा प्रश्न १९७५ मध्ये ऐरणीवर आला. बूदार आणि ह्वांग यांनी मोजून दाखवलं की पॅलेडियमचा कण जितका लहान, तितका तो कमी हायड्रोजन मुरवून घेतो. कारण समजायला सोपं आहे. एक-दोन नॅनोमीटरच्या कणात निम्मे किंवा त्याहून जास्त अणू पृष्ठभागावरच असतात; 'आत' म्हणावं अशी जागाच थोडी उरते.

मग १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सिल्व्हिया सायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला, तो या सगळ्या कहाणीचा कणा आहे असं मी मानतो. निकेलच्या स्फटिकावर त्यांनी मिथाइल गट बसवले. शेजारी पृष्ठभागावर बसलेला हायड्रोजन त्या गटांना जुळेना. तापमान वाढवलं, आत दडवलेला हायड्रोजन वर येऊ लागला आणि मिथेन तयार झाला. मूलद्रव्य तेच, धातू तोच. फरक फक्त हायड्रोजन बाजूनं येतो की खालून, एवढाच. हायड्रोजन जोडण्याच्या कामाला मोठा दाब का लागतो, याचं एक उत्तर इथं मिळतं: दाबाशिवाय निकेलच्या पोटात हायड्रोजन शिरतच नाही.

बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत २००३ मध्ये हाच धागा अतिसूक्ष्म कणांपर्यंत पोचला. पॅलेडियमच्या कणांवर पेंटीनला हायड्रोजन जोडला गेला, त्याच धातूच्या सपाट स्फटिकावर मात्र नाही. कणात हायड्रोजन थोडा मुरला, तरी तो पृष्ठभागाखालीच हाताशी असतो, असा खुलासा झाला.

खरी गंमत २००८ ची. पेंटाइनला हायड्रोजन जोडून पेंटीन करू पाहणाऱ्या टेश्नर आणि सहकाऱ्यांना दिसलं की हायड्रोजननं भरलेलं पॅलेडियम घाई करतं, पेंटीनवर न थांबता थेट पेंटेनपर्यंत जातं. पण अभिक्रियेतलाच कार्बन पृष्ठभागाखाली शिरला की तो आतल्या हायड्रोजनची वाट अडवतो आणि काम हवं तिथं थांबतं. प्लास्टिकसाठीच्या एथिलीनमधून अ‍ॅसिटिलीनचा अंश काढणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. त्याच वर्षी विल्डे, शाउरमान आणि सहकाऱ्यांचं काम आलं. त्यात कार्बन कणांच्या कडा-कोपऱ्यांवर बसला होता आणि त्यानं हायड्रोजनला आत जायला उलट मदत केली. ही दोन निरीक्षणं एकमेकांना खोडत नाहीत. कार्बन कुठं बसला, यावर तो कुलूप ठरणार की किल्ली, हे अवलंबून असतं.

पुढे २०१४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये पॅलेडियमचा एकेक सुटा घन, दहा-वीस नॅनोमीटरचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हायड्रोजन घेताना पाहिला गेला. दाब वाढत जातो, घन बराच वेळ जवळजवळ रिकामाच असतो. मग ठरावीक दाबाला तो एकदम भरतो. कोणत्या दाबाला, ते त्याच्या आकारावर ठरतं.